वील्डन हॉल-हाउस

वील्डन हॉल-हाउस हा आग्नेय इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या मध्ययुगीन शेतघराचा एक प्रकार. केंट, सरे आणि ससेक्स या काउंट्यांमध्ये नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या दोन रांगा आहेत. त्यांच्या मधला, एके काळी दाट ओकवनाचा पट्टा म्हणजे ‘वील्ड’. त्यावरून हे नाव पडले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अशी घरे बांधली जात होती. केंटमध्ये ती सर्वाधिक आढळतात आणि त्यांतल्या बहुतेकांत आजही लोक राहतात.

१३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडची लोकसंख्या प्रचंड घटली. जमीन मुबलक झाली, मजुरी वाढली आणि वाचलेल्या कुळांपैकी हुशार मंडळींनी शेते जोडत नेली. स्वतःची जमीन कसणाऱ्या या सधन शेतकऱ्याला ‘यॉमन’ म्हणत. तो सरदार नव्हता, पण त्याच्या घराचा आराखडा सरदाराच्या वाड्यावरूनच उचललेला होता. फक्त तो एका छपराखाली आटोपशीर बसवला होता.

साधारण घर चार खणांचे असे. मधले दोन खण म्हणजे हॉल. तो जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा, आणि त्याच्या मधोमध जमिनीवर उघडा विस्तव. धुराडे नव्हते. धूर वर चढून कौलांच्या फटींतून किंवा आढ्याच्या टोकांशी ठेवलेल्या झरोक्यांतून निघून जाई. हॉलच्या एका बाजूच्या खणात पेये आणि पाव-धान्य ठेवण्याच्या दोन कोठड्या असत. दुसऱ्या बाजूला मालकाची खासगी बैठक आणि तिच्यावर निजायची खोली. कोठड्यांच्या बाजूने समोरासमोर दोन दरवाजे आणि त्यांना जोडणारा आडवा रस्ता. मालक विस्तवापलीकडे, दरवाजातल्या वाऱ्यापासून दूर बसे. घरात कोण किती मानाचा, हे तो कोणत्या टोकाला बसतो त्यावरून कळे.

घराचा बाहेरून दिसणारा वेगळेपणाही या विस्तवामुळेच आला. दोन्ही टोकांच्या खणांना वरचा मजला असल्याने तो रस्त्याच्या बाजूला थोडा पुढे काढत. हॉलला मजलाच नाही, कारण धुराला वाट हवी. त्यामुळे मधली भिंत मागे राहिली. छप्पर मात्र सलग एकच. साहजिकच हॉलसमोर वळचण अधांतरी राहते, आणि तिला दोन्ही बाजूंनी वाकड्या ओकच्या तिरप्या आधारांनी पेललेले असते. वील्डन घर रस्त्यावरूनच ओळखायची ही खूण.

सांगाडा ओकचा, तोही ओल्या लाकडाचा. ताजे लाकूड कापायला सोपे. सांधे जुळवून आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या की लाकूड वाळताना पिळते आणि सांधे आणखी घट्ट आवळले जातात. जुनी इंग्रजी घरे वाकडी-तिकडी दिसतात त्यामागे बरेचदा हेच कारण असते. सुतार आधी जमिनीवर सगळा सांगाडा जुळवून पाहत आणि प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरत. या खुणा अनेक घरांत अजून वाचता येतात. खांबांमधल्या जागा कुडाने भरत: काठ्यांचे विणकाम, त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा लेप, वर चुना. खिडक्यांना काच नसे, ओकचे उभे गज आणि आतून लाकडी झडपा असत. आज चित्रांत दिसणारी काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंतींची जोडी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. या भागात ओक न रंगवता तसाच सोडत किंवा सरसकट चुना फासत.

सोळाव्या शतकात विटांचे धुराडे आवाक्यात आले आणि हॉल आढ्यापर्यंत मोकळा ठेवण्याची गरजच संपली. धूर धुराड्यातून जाऊ लागताच हॉलमध्ये मधला मजला घालून वर नव्या खोल्या काढता आल्या. पुढे दर्शनी भाग विटांनी किंवा कौलांनी झाकले, खिडक्यांना काचा बसल्या. कित्येक घरे अशी बदलली की आत मध्ययुग आहे याचा मालकालाही पत्ता नसे. पण पोटमाळ्यावर चढून बॅटरी मारली की वासे काजळीने काळेकुट्ट दिसतात, आपल्याकडे जुन्या घरात चुलीवरचे वासे दिसतात तसेच. ज्या खणातले वासे काळे, तिथे हॉल होता. घराच्या अभ्यासकाला याहून भरवशाचा पुरावा सहसा मिळत नाही. ओल्या लाकडाचा दुसरा फायदाही अभ्यासकांनाच झाला: झाड तोडल्यावर लवकरच वापरले जात असल्याने वर्षवलयांवरून बांधकामाचा काळ बराच नेमका काढता येतो.

जतनाच्या इतिहासात दोन घरे महत्त्वाची आहेत. ससेक्समध्ये ककमियर नदीकाठच्या अल्फ्रिस्टन गावातले, पेंढ्याने शाकारलेले क्लर्जी हाउस (म्हणजे पाद्र्याचे घर) १४००च्या सुमाराचे. पुढे ते चर्चकडे आले आणि एकोणिसाव्या शतकात मोडकळीला येऊन पाडले जाण्याच्या बेतात होते. गावच्या पाद्र्याने धडपड केली, कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापलेल्या जुन्या इमारतींच्या रक्षणाच्या संस्थेनेही बाजू घेतली, आणि १८९६ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ते १० पौंडांना घेतले. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिलीच इमारत. हॉलची जमीन ठोकून बसवलेल्या खडूची आहे आणि तिच्यावर आंबलेल्या दुधाचा लेप आहे.

दुसरे घर ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाचे. केंटमधील बाउ बीच येथे जलाशय होणार म्हणून हे शेतघर १९६०च्या दशकाच्या अखेरीस तुकड्या-तुकड्यांनी उतरवले आणि वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभारले. त्याचा हॉल आणि कोठड्यांचा भाग १४०५ ते १४३० दरम्यानचा, तर मालकाचे टोक १५०५-१०च्या सुमाराचे. म्हणजे घर पूर्ण व्हायला जवळजवळ शतक लागले. उभारताना नंतरचे धुराडे आणि मधला मजला वगळून हॉल पुन्हा मोकळा केला. आत ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या (सोळाव्या शतकातल्या) सामानाच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. धूर कसा फिरत असेल ते इथे डोळ्यांनी पाहता येते, ही मोठीच सोय. पण त्यासाठी चारशे वर्षांच्या वस्तीच्या खुणा पुसाव्या लागल्या, हेही खरे. आज जागेवरच्या संरक्षित घरात असे करायला परवानगी मिळणे कठीण.

इंग्लंडमध्ये इमारतींची संरक्षित यादी १९४७च्या नगररचना कायद्याने पक्की झाली. यादीत श्रेणी एक, श्रेणी दोन-तारांकित आणि श्रेणी दोन असे स्तर आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या स्तरात मोडतात. संरक्षण आतल्या भागालाही लागू असते, आणि परवानगीविना फेरफार करणे हा फौजदारी गुन्हा आहे. दुरुस्तीत विसाव्या शतकात सर्रास वापरलेल्या सिमेंटने फार नुकसान केले: सिमेंटच्या गिलाव्याआड ओल अडकते आणि ओक आतून कुजतो. म्हणून अशा घरांतून आता सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करतात.