शाळेचा आराखडा फक्त मुख्याध्यापकांनी करायचा नसतो

‘शाळा विकास आराखडा मुख्याध्यापक बनवतात, पालकांनी सही करायची,’ हा समज गावोगावी पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने तयार करायचा असतो. सरकारी योजना आणि अनुदानाचा आधार तोच. कलम 21 प्रमाणे या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि 50 टक्के महिला हव्यात. (विनाअनुदानित खाजगी शाळांना हे लागू नाही; अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीची भूमिका फक्त सल्ल्याची असते, आराखडा करण्याची सक्ती तिच्यावर नाही.)

मुख्याध्यापकांचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. पट, शिक्षकांची गरज, खर्चाचा अंदाज ही माहिती तेच मांडू शकतात. पण दिवाळीच्या सुमारास कोणती घरं ऊसतोडीला निघणार, कोणती मुलं आजीकडे राहणार, हे हजेरीपटावर आधी दिसत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ कोरडा आहे, हे आई आधी सांगते. अशा गोष्टी बैठकीत बोलायला लावणं, हेच मला खरं नेतृत्व वाटतं.

म्हणून सही मागितली, तर आधी आराखडा वाचायला मागा.