सामायिक इमेजिंग केंद्रांतील वैज्ञानिक : एका पदनामाची पार्श्वभूमी

पुण्यातील संशोधन संस्थांच्या भरतीच्या जाहिराती काही वर्षे सलग वाचणाऱ्याला एक विसंगती जाणवल्याशिवाय राहत नाही. सामायिक इमेजिंग केंद्रात, म्हणजे अनेक प्रयोगशाळा मिळून वापरतात त्या सूक्ष्मदर्शकांच्या केंद्रात, कॉन्फोकल (लेसरने पेशीचा एकेक थर पाहणारा) किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांभाळण्याच्या एकाच कामासाठी कोठे ‘तांत्रिक अधिकारी’ हवा असतो, कोठे ‘प्रकल्प वैज्ञानिक’, कोठे ‘सुविधा व्यवस्थापक’, तर कोठे नुसता ‘ऑपरेटर’. विद्यार्थ्यांनी आपल्यापुरता हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्यांच्या लेखी त्या ‘कॉन्फोकलवाल्या मॅडम’ असतात किंवा ते ‘टीईएमवाले सर’ (टीईएम हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा एक प्रकार) असतात. सेवापुस्तकात मात्र असे चालत नाही. तेथे जे पदनाम लिहिले जाते त्यावरून पुढच्या तीस वर्षांची वेतनश्रेणी, पदोन्नतीची रीत आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्या नावाने संशोधन अनुदान मागण्याची मुभाही ठरते.

या गुंत्याचे मूळ उपकरणांच्या मालकीत आहे. पाषाणला १९५० साली रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा उघडली आणि १९५२ मध्ये शहरात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, त्या काळात मोठे उपकरण एखाद्या विभागाचे असे आणि ते चालवणारा माणूसही त्याच विभागाचा असे. उपकरणे एकत्र वापरण्याचा विचार सरकारी पातळीवर रुजला तो १९७०च्या दशकात. केंद्राच्या विज्ञान खात्याने महागड्या उपकरणांसाठी प्रादेशिक केंद्रे काढली. त्यांपैकी मुंबई आणि नागपूर ही दोन महाराष्ट्राच्या वाट्याला आली. त्याच सुमारास विद्यापीठांमध्ये विज्ञान उपकरण केंद्रे सुरू झाली. या दुसऱ्या प्रकारच्या केंद्रांचा भर उपकरणे दुरुस्त करण्यावर, सुटे भाग घडवण्यावर आणि काचकामावर होता. साहजिकच तेथील पदे कार्यशाळेच्या घडणीची होती आणि ‘तांत्रिक’ हा शब्द त्यांना नेमका लागू पडत होता. पुढे त्याच पठडीतील पदांवर ज्यांना घेतले गेले त्यांचे काम पार बदलले, पण शब्द तोच राहिला.

पुण्याच्या बाबतीत एक गंमतीची नोंद येथे करायला हवी. विद्यापीठाच्या आवारातील पेशीविज्ञानाची आजची नामांकित संस्था १९८६ साली जन्मली ती ‘राष्ट्रीय सुविधा’ म्हणून, म्हणजे इतरांना पेशी पुरवण्यासाठी. काही वर्षांतच ती पूर्ण संशोधन संस्था झाली. संस्थेला ‘सुविधा’पासून ‘संशोधन’पर्यंतचा हा प्रवास करता आला, सुविधेत काम करणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला तो आजही सहसा करता येत नाही.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची मूळ कल्पना १९५७ची असली तरी बाजारात मिळणारी यंत्रे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आली. १९९४ मध्ये जेलीफिशमधील हिरवे प्रकाशमान प्रथिन दुसऱ्या सजीवांच्या पेशींत बनवून दाखवण्यात आले आणि त्यानंतर जिवंत पेशीतील हालचाल पाहण्याची मागणी एकदम वाढली. कोटींच्या घरातील यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेला परवडणे शक्य नव्हते. त्यामुळे सामायिक इमेजिंग केंद्र ही आवड नव्हे, गरज ठरली. पाषाणला २००६ साली विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची नवी संस्था आली तोपर्यंत अशी केंद्रे हा संस्थेच्या आराखड्याचाच भाग मानला जाऊ लागला होता.

अशा केंद्रातला माणूस वैज्ञानिक की तांत्रिक कर्मचारी, हा आजचा वाद ज्या निर्णयाभोवती फिरतो तो १९९८चा आहे. सरकारी वैज्ञानिकांसाठी ‘लवचिक पूरक योजना’ आधीपासूनच होती. वरचे पद रिकामे नसतानाही ठरावीक वर्षांनी गुणवत्तेवर बढती मिळावी, असे तिचे साधे तत्त्व होते. पाचव्या वेतन आयोगानंतर ही योजना नव्याने आखताना ती कोणाला लागू व्हावी याची व्याख्या करण्यात आली. उमेदवाराकडे किमान विज्ञानातील पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकी, तंत्रज्ञान अथवा वैद्यकातील पदवी असावी, ही अट कोणालाच खटकली नसती. वादाचे ठरले ते दुसरे कलम : ती व्यक्ती नव्या वैज्ञानिक ज्ञानाच्या निर्मितीत किंवा नावीन्यपूर्ण अभियांत्रिकी, तांत्रिक वा वैद्यकीय पद्धती घडवण्यात गुंतलेली असावी, अथवा तिचे काम प्रामुख्याने व्यावसायिक संशोधन आणि विकासाचे असावे. २०१० मध्ये योजना पुन्हा सुधारली गेली, तरी वैज्ञानिक कोण आणि साहाय्यक कोण ही विभागणी कायम राहिली. स्वायत्त संस्थांनी कमीअधिक फेरफार करून हीच चौकट स्वीकारली. देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या एका मोठ्या परिषदेत तर ‘गट तीन’ म्हणजे तांत्रिक आणि ‘गट चार’ म्हणजे वैज्ञानिक, अशी स्वतंत्र शिडीच आहे.

या व्याख्येमागे तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. जलद बढतीची योजना सरसकट सर्वांना लागू झाली असती तर तिचा अर्थच उरला नसता आणि नेहमीच्या चाचण्या करणाऱ्या पदांनाही ‘वैज्ञानिक’ म्हणवून घेण्याची चढाओढ लागली असती, ही भीती खरी होती. पण रेषा जेथे ओढली गेली तेथेच इमेजिंग केंद्र उभे आहे. योजनेच्या आतल्या माणसाचे मूल्यमापन तीन ते पाच वर्षांच्या टप्प्यांनी होते. बाहेरच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २००८ पासून दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या आर्थिक लाभावर समाधान मानावे लागते. राज्याच्या विद्यापीठांत याच धाटणीची ‘आश्वासित प्रगती योजना’ आहे, जिच्या नावातील ‘प्रगती’ पगाराची असते, पदाची नव्हे.

‘ज्ञानाची निर्मिती’ हे शब्द कागदावर स्वच्छ दिसतात. प्रत्यक्षात एखादा विद्यार्थी मेंदूचा काप घेऊन येतो आणि त्याला दोन प्रथिने एकाच जागी दिसतात. तो खूश असतो. ती एकाच जागी नसून एका रंगद्रव्याचा प्रकाश दुसऱ्याचा प्रकाश टिपणाऱ्या चॅनेलमध्ये झिरपतो आहे, हे ओळखणारी व्यक्ती त्याला रंगद्रव्ये बदलायला लावते, तुलनेसाठी नियंत्रण नमुने मागते, लेसरची तीव्रता उतरवते आणि पुन्हा प्रतिमा घेते. शोधनिबंधातला मुख्य निष्कर्ष त्या दुपारी उलटलेला असतो. हे ज्ञान की सेवा? निबंधाच्या शेवटी आभारांत एक ओळ येते, लेखकांच्या यादीत नाव येतेच असे नाही, आणि मूल्यमापन समिती तर यादीच पाहते. उरलेला दिवस स्लॉटचे बुकिंग, लॉगबुक, देखभाल कराराचे नूतनीकरण, पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून आर्द्रतेवर नजर आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार म्हणून आदल्या संध्याकाळी लेसर नीट बंद करणे यांत जातो. या दुसऱ्या अर्ध्याकडे बोट दाखवून पहिल्या अर्ध्याला ‘नेहमीचे काम’ ठरवणे ही प्रशासनाची सोय आहे, वस्तुस्थितीचे वर्णन नाही.

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेने भारतातील पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातील नमुन्यात दिसलेल्या विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली प्रतिमा प्रसिद्ध केली. सुमारे ७५ नॅनोमीटरचा तो कण वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकला. नमुन्यात मोजकेच कण असताना ते शोधणे आणि नमुन्यातील इतर कचऱ्यातून विषाणू वेगळा ओळखणे यासाठी लागणारा सराव एका प्रकल्पाच्या मुदतीत येत नाही. ज्या केंद्रांत इमेजिंगला संशोधनाचा दर्जा राहिला तेथे तो सराव टिकला, हे या प्रसंगातून दिसते. इतरत्र गेल्या पंधरा वर्षांत नियमित पदे निवृत्तीबरोबर रिकामी होत गेली आणि त्यांच्या जागी कंत्राटी नेमणुका आल्या. प्रकल्प संपतो, प्रशिक्षित माणूस जातो, यंत्र उरते.

परदेशात हा विषय याच काळात पुढे सरकला. ब्रिटनमधील विद्यापीठांनी २०१७ पासून तांत्रिक कर्मचाऱ्यांची ओळख, मान्यता आणि बढती यांविषयी एक जाहीर बांधिलकी स्वीकारायला सुरुवात केली. अमेरिकेतील एका खासगी निधीसंस्थेने २०१९ पासून इमेजिंग वैज्ञानिकांच्या पगारासाठीच थेट अनुदान दिले. भारतात याच सुमारास जी पावले पडली ती मुख्यतः यंत्रांच्या दिशेने होती. जानेवारी २०२० मध्ये देशभरातील उपकरणे शोधण्याचे आणि आरक्षित करण्याचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले, तर २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून घेतलेल्या उपकरणांचा वापर बाहेरच्या संशोधकांनाही खुला व्हावा यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. बाहेरचे वापरकर्ते वाढले की प्रशिक्षण, नमुन्यांची तपासणी आणि तक्रारीही वाढतात. त्यांचा भार त्याच खोलीतल्या त्याच एका व्यक्तीवर येतो.

आता पदनामाच्या प्रश्नात आणखी एक फाटा फुटला आहे. नव्या सूक्ष्मदर्शकांतून एका प्रयोगात शेकडो गिगाबाइट माहिती निघते आणि ती वाचण्यासाठी प्रतिमा विश्लेषक लागतो, जो यंत्राला हातही लावत नाही. त्याला ‘ऑपरेटर’ म्हणता येत नाही, ‘तांत्रिक अधिकारी’ या पदाची पात्रता जुनी आहे आणि ‘वैज्ञानिक’ म्हणायला १९९८ची व्याख्या आड येते. म्हणून त्याला बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर घेतले जाते. पाषाणहून बाणेर आणि हिंजवडी फार दूर नाहीत. वैद्यकीय प्रतिमांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तेथील कार्यालयांत हेच कौशल्य कायम नोकरीत आणि अधिक पगारात खपते, आणि करार संपण्याची वाट न पाहता विश्लेषक तिकडे निघून जातात.