आडेलहाइड : खानदानी नावाची लेकरं

ॲडलेड म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. २००३ मध्ये अजित आगरकरने तिथे ४१ धावांत ६ बळी घेतले आणि २०२० च्या डिसेंबरात आपला डाव ३६ धावांत आटोपला. मैदानाला नाव शहराचं, शहराला राणीचं, आणि राणीचं नाव हजाराहून अधिक वर्षं जुनं जर्मन : आडेलहाइड.

जुन्या जर्मनमध्ये ‘अडल’ म्हणजे उच्च कुळातलं, खानदानी. ‘हाइट’ म्हणजे प्रकार, दर्जा. हा दुसरा शब्द पुढे नुसता प्रत्यय होऊन राहिला. आजच्या जर्मनमध्ये ‘फ्राय’ म्हणजे मुक्त आणि ‘फ्रायहाइट’ म्हणजे मुक्तपणा. तेव्हा आडेलहाइडचं मराठी करायचंच तर ‘खानदानीपणा’ होईल. हाक मारायला अंमळ जडच!

नावाला वजन आलं ते बर्गंडीच्या राजकन्येमुळे. जन्म ९३१ चा. सोळाव्या वर्षी इटलीचा राजा लोथारशी लग्न, एकोणिसाव्या वर्षी वैधव्य. गादीवर आलेल्या बेरेंगारला ती सून म्हणून हवी होती. ती बधेना, म्हणून त्याने तिला कैदेत टाकलं. ती निसटली आणि ९५१ मध्येच जर्मन राजा पहिला ऑटो याच्याशी तिने लग्न केलं. ९६२ मध्ये रोममध्ये दोघांचा सम्राट-सम्राज्ञी म्हणून अभिषेक झाला. पुढे नातू लहान असताना राज्याचा कारभारही तिनेच पाहिला. ९९९ मध्ये ती वारली, १०९७ मध्ये चर्चने तिला संतपद दिलं. तिच्या नावाची चांदीची नाणी तर आजही संग्राहकांच्या हाती सापडतात : एका बाजूला क्रूस आणि ऑटोच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला उतरत्या छपराचं छोटं चर्च आणि भोवती आडेलहाइड. ठसे कोरणाऱ्यांनी स्पेलिंगचे मात्र मनसोक्त हाल केलेत.

फ्रेंचांच्या तोंडी नाव झिजत झिजत ‘आलिस’ झालं आणि इंग्रजांकडे ॲलिस. म्हणजे ॲलिस आणि ॲडलेड या सख्ख्या बहिणी, हे ऐकून पटत नाही, पण आहे खरं. ऑस्ट्रेलियातलं शहर १८३६ मध्ये वसलं तेव्हा ब्रिटनच्या गादीवर चौथा विल्यम होता. त्याची राणी जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानातली, माहेरची आडेलहाइडच.

तिसरं लेकरू हायडी. इथे नावाचं डोकं उडालं आणि शेपूट उरलं. खानदान गेलं, नुसता ‘पणा’ राहिला. हे घरगुती नाव जगभर नेलं ते योहाना श्पीरी यांच्या १८८० च्या स्विस कादंबरीने. त्यात डोंगरातली ही पोर फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरी येते, तेव्हा तिथल्या कडक कारभारणीला ‘हायडी’ हे नाव नावच वाटत नाही. बाप्तिस्म्याचं खरं नाव कळल्यावर ती तिला शेवटपर्यंत आडेलहाइड म्हणूनच हाक मारते.