मॉर्मन की एफएलडीएस? कादंबरीतली मुलगी नक्की कुठल्या घरातली

पायघोळ झगा, कपाळावर उंच फुगवलेले केस, एक बाप, चार आया आणि फाटकावर पहारा. ‘मॉर्मन’ या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचं नाव काढलं की ओटीटीवर माहितीपट बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. चित्र खोटं नाही. पण ते ज्यांचं आहे त्यांना मुख्य मॉर्मन चर्च आपलं मानत नाही, आणि त्यांच्या मते चर्चच वाट सोडून गेलंय. इंग्रजीतल्या यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, कादंबऱ्यांत हे दोघंही भेटतात आणि वाचक सरसकट दोघांना एकाच खुंटीला टांगतात.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय गुंता सुटत नाही. जोसेफ स्मिथने 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारलं. त्याच्यानंतरचा नेता ब्रिघम यंग, त्याच्या मागे निघालेले अनुयायी 1847 मध्ये आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. त्या काळात चर्चमध्ये बहुपत्नीत्व होतं, उघडपणे होतं. अमेरिकी सरकारचा दबाव वाढत गेला, तेव्हा 1890 मध्ये चर्चच्या अध्यक्षाने जाहीरनामा काढून नवी बहुपत्नी लग्नं थांबवायचं ठरवलं. 1904 नंतर तर अशी लग्नं करणाऱ्यांना चर्चबाहेर काढायला सुरुवात झाली. जे ऐकेनात ते वेगळे झाले. त्यांच्यातला सर्वांत गाजलेला गट म्हणजे एफएलडीएस, यातला ‘एफ’ फंडामेंटलिस्टचा, म्हणजे मूलतत्त्ववादी. युटा आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरची हिल्डेल आणि कोलोराडो सिटी ही जोडगावं त्यांचं जुनं ठाणं. त्यांचा प्रेषित वॉरेन जेफ्स 2006 मध्ये पकडला गेला आणि 2011 मध्ये टेक्ससच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी त्याला जन्मठेप दिली. मुख्य चर्चचे, म्हणजे एलडीएसचे (लॅटर-डे सेंट्स), सभासद जगभरात पावणेदोन कोटींच्या आसपास. एफएलडीएसवाले काही हजार.

पण कादंबरीला काही हजारांतच जास्त रस. ते साहजिक आहे. तिथे कथानक आयतं मिळतं. कॅरोल लिंच विल्यम्सची ‘द चोझन वन’ (2009) घ्या. तेरा वर्षांची कायरा बंदिस्त वस्तीत राहते. बापाच्या तीन बायका, भावंडांचा लोंढा. एक दिवस प्रेषित सांगतो, तुझं लग्न तुझ्या काकाशी होणार. काका साठीचा, घरात आधीच सहा बायका. वस्तीत पुस्तकांना बंदी, पण बाहेरच्या रस्त्यावर फिरत्या वाचनालयाची गाडी येते. कायरा चोरून पुस्तक आणते आणि झाडावर चढून वाचते. पाठलागाच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा मला हे झाड जास्त पटलं. तीस-चाळीस माणसं जिथे एकमेकांवर नजर ठेवून असतात तिथे एकटं बसायला जागा कुठे मिळणार? वरच.

हे पुस्तक येण्याच्या एकच वर्ष आधी, एप्रिल 2008 मध्ये, टेक्ससच्या अधिकाऱ्यांनी एल्डोराडोजवळच्या एफएलडीएसच्या रँचवर छापा घालून चारशेहून जास्त मुलं ताब्यात घेतली होती. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परत पाठवायला लावली. वाचकांच्या डोक्यात ती दृश्यं ताजी होती. प्रेषिताने जोड्या ठरवणं, पहारेकऱ्यांचं टोळकं, बापाला न जुमानता मुलीचा निर्णय वरून येणं, हे सगळं त्या काळच्या बातम्यांतही होतं. एक बाजू मात्र या कादंबऱ्यांत फारशी येत नाही. एका पुरुषाला सहा-सात बायका हव्या असतील तर बरेच मुलगे बिनलग्नाचे उरणारच. एफएलडीएसमधून क्षुल्लक कारणांवरून हाकलले गेलेले किशोरवयीन मुलगे अमेरिकेत ‘लॉस्ट बॉइज’ म्हणून ओळखले जातात. लेखकांची पसंती मात्र पळून जाणाऱ्या मुलीला.

त्या मुलीचं वय खरं तर बरंच आहे. आर्थर कॉनन डॉइलची शेरलॉक होम्सवरची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ 1887 ची. मराठीत होम्स वाचलेल्यांना आठवेल, तिचा अर्धा भाग युटात घडतो: मॉर्मन वडीलधारे एका मुलीचं लग्न लावू पाहतात आणि ती वाळवंटातून पळते. तेव्हा बहुपत्नीत्व मुख्य चर्चमध्येच होतं, त्यामुळे डॉइलचं चित्र भडक असलं तरी पत्ता चुकलेला नव्हता. नंतर चर्चने ती प्रथा सोडली, पण गोष्टीचा साचा ‘मॉर्मन’ या नावाला चिकटून राहिला.

आता दुसरं घर. क्रिस्टिना लॉरेन (हे दोन लेखिकांचं जोडनाव) यांच्या ‘ऑटोबॉयोग्राफी’ (2017) मध्ये फाटक नाही, पहारा नाही. जागा प्रोव्हो, युटा; चर्चचं ब्रिघम यंग विद्यापीठ इथेच आहे. बाहेरून राहायला आलेला टॅनर शाळेत एका सत्रात कादंबरी लिहायचा वर्ग घेतो. तिथे मदतीला असतो सेबास्टियन, बिशपचा मुलगा. त्याने आदल्या वर्षी लिहिलेली कादंबरी प्रकाशकाने घेतलेली असते. दोघं प्रेमात पडतात आणि टॅनर लिहीत जातो ते नेमकं त्याच्याचबद्दल. हस्तलिखित वर्गात द्यायचं म्हणजे सेबास्टियनला उघडं पाडायचं.

इथे सेबास्टियनला कुणी डांबलेलं नाही. आईबाप प्रेमळ आहेत, गाणीबजावणी आहेत, जेवणाचं टेबल भरलेलं आहे. बिशप म्हणजे मठात बसलेला धर्मगुरूही नव्हे. एलडीएसमध्ये बिशप हा नोकरीधंदा सांभाळून, बिनपगारी, काही वर्षं आपल्या वॉर्डची, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीची, जबाबदारी घेणारा शेजारचा माणूस असतो. म्हणून तर बंड कुणाविरुद्ध करायचं हेच कळत नाही. कायरापुढे प्रश्न असतो, बाहेर कसं पडू? सेबास्टियनपुढचा प्रश्न, आत राहू शकेन का? पुस्तकाच्या काळाचाही त्यात हात आहे. समलिंगी विवाह करणारे धर्मत्यागी ठरतील असं धोरण चर्चने नोव्हेंबर 2015 मध्ये आणलं आणि एप्रिल 2019 मध्ये मागे घेतलं. कादंबरी नेमकी मधली.

घोळ होतो तो एलन हॉपकिन्सच्या ‘बर्न्ड’ (2006) सारख्या पुस्तकांत. मुक्तछंदात लिहिलेली, नेवाडातल्या एका मॉर्मन घरातली गोष्ट. बाप दारू पिऊन आईला मारतो, मुलगी पॅटिन प्रश्न विचारायला लागते. घर मुख्य चर्चचंच आहे, पण श्वास कोंडतो एफएलडीएसच्या गोष्टींसारखा. चर्चमध्ये दारूच काय, चहा-कॉफीही वर्ज्य आहे, म्हणजे हा बाप धर्म मोडूनच राक्षस झालाय. भरभर वाचणाऱ्याला मात्र तो धर्मामुळे राक्षस झालाय असंच वाटेल. पुस्तकाची ताकद मान्य करूनही ही ढिलाई मला खटकते.

ओळखायचं कसं, तर साध्या तपशिलांवरून. पोरं सरकारी शाळेत जातात आणि त्याशिवाय रोज सेमिनरीच्या धर्मवर्गालाही बसतात? एलडीएस. अठराव्या वर्षी मुलगा दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघतो आणि कुठे जायचं ते चर्च ठरवतं? एलडीएस. 2019 पर्यंत अशा मुलांना घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस मिळत, नाताळ आणि मदर्स डे. त्या आधीच्या प्रेमकथांतले विरह त्यामुळे खरेच विरह आहेत. नवरा प्रेषित ठरवत असेल तर मात्र तुम्ही सीमेवरच्या त्या गावांत आहात.

आणि मॉर्मन लेखकांच्या ज्या पुस्तकांत एकही मॉर्मन नाही, त्यांचं काय? स्टेफनी मेयर ब्रिघम यंग विद्यापीठाची पदवीधर. ‘ट्वायलाइट’मध्ये (2005) चर्चचा मागमूस नाही. तरी लग्नापर्यंत थांबणारा नायक आणि कधीच न संपणारा विवाह यांत समीक्षकांना एलडीएसच्या मंदिरातलं अनंतकाळासाठीचं लग्न दिसतं. लग्नाचं मला पटतं. पण व्हॅम्पायरच्या प्रत्येक उसाशाला धर्मग्रंथ लावत बसलं तर कादंबरी वाचायची कधी?