सूर्यावरच्या विहिरी

नवतपा लागला की आमच्या भंडारा-गोंदियाकडे मोबाइलवर एक निरोप हमखास फिरतो: 'सूर्यावर डाग वाढलेत, म्हणून यंदा ऊन जास्त.' ऊन तापतं, कारण मेअखेरीस दुपारचा सूर्य इथं जवळजवळ डोक्यावर असतो, इतकंच. डाग भोवतालापेक्षा थंड, म्हणून काळे. तरी ते वाढतात त्या वर्षांत सूर्य किंचित उजळतो हे मात्र खरं. किती? सुमारे ०.१ टक्का, पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला येणाऱ्या १३६१ वॅटमागे एक-दीड वॅट. त्यानं कुणाचा कूलर बंद पडत नाही. पण ही भर डाग घालत नाहीत, घालतात ते आसपासचे बारीक, तेजस्वी चुंबकीय ठिपके.

सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे खदखदणाऱ्या वायूचे दाणे, एकेक हजारेक किलोमीटरचा, पाच-दहा मिनिटं टिकणारा. वर आलेला वायू निवला की दाण्यांमधल्या फटींतून खाली उतरतो आणि चुंबकीय क्षेत्रही त्याच फटींत लोटतो. तिथं ते हजार-दीड हजार गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दाटतं. चुंबकीय क्षेत्राचाही दाब असतो. आतबाहेरचा एकूण दाब सारखा राहायचा, तर आतल्या वायूला विरळ व्हावंच लागतं. विरळ वायूतून नजर अधिक खोल जाते. थोडक्यात, पृष्ठभागाला शे-दोनशे किलोमीटर रुंदीचा खड्डा पडतो. हाच तो ठिपका.

वावरातली विहीर घ्या. काठावरून वाकलं तर तळ दिसतो, दोन पावलं मागं सरलं की समोरची भिंत. सूर्यावर ही भिंत रसरशीत तापलेली असते. खड्डा अरुंद असला की भिंतींची धग तळालाही पोचते आणि सगळाच उजळतो. डाग हजारो किलोमीटर रुंद. तिथं कडेची धग मधोमध पोचत नाही, खालून येणारा तप्त वायूही चुंबकीय क्षेत्र अडवतं, म्हणून तो काळा. बिंबाच्या कडेला आपली नजर तिरपी पडते, भिंत समोर येते. ठिपक्यांचे पुंजके तिथं पांढरट दिसतात.

एकेक ठिपका टिपणं अवघड. पृथ्वीवरून पाहताना सूर्यावरचे ७२५ किलोमीटर एका विकलेत, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागात, मावतात. हवाईतली चार मीटरची दुर्बीण तीसेक किलोमीटरपर्यंतचं टिपते. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडलेली, 'आदित्य-एल१' या भारतीय सौरयानावरची 'सूट' (SUIT) दुर्बीण एकेक ठिपका वेगळा करत नाही, पण अतिनील प्रकाशात त्यांचे पुंजके उठून दिसतात.

पुंजके तुम्हालाही दिसतील. लहान दुर्बिणीतून बिंब पांढऱ्या कागदावर पाडा, डोळा मात्र कधीही लावू नका. वेळ सकाळची, जमीन तापली की कडा थरथरते. तापत्या जमिनीचा हा त्रास टाळायलाच उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात उभारली. आपल्याकडे मालगुजारी तलावांना तोटा नाही, पाळीवर बसा. दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला आधी झाकण घाला. पोरं तिलाच डोळा लावतात.