ठोका कोणत्या शाफ्टचा? पद्मिनीच्या नव्याने बांधलेल्या इंजिनाचे निदान

ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील त्या जातीची शेवटची टॅक्सी. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून निवृत्त झाली आणि काळी-पिवळी पद्मिनी भाड्याने मिळणे कायमचे थांबले. खासगी मालकांकडे मात्र या गाड्या अजूनही आहेत आणि त्यांची इंजिने पुन्हा बांधून घेणाऱ्यांमध्ये तरुणही आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाडीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन गाडीपेक्षा पुष्कळ जुन्या घराण्याचे आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) ही त्याची मापे फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या १९३७च्या फियाट ५०८ सी या गाडीपासून चालत आली आहेत. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि दोहोंच्या मधे पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या दांड्या, अशी ही सरळ रचना असल्यामुळे आवाजावरून दोष कसा शोधावा हे शिकण्यासाठी याहून चांगले इंजिन मिळणे कठीण आहे.

झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि नुकत्याच बांधलेल्या इंजिनाचा आवाज यांचे निदान एकाच पद्धतीने करता येत नाही. झिजलेल्या इंजिनात आवाजामागे बहुधा झीजच असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात बेअरिंग, पिस्टन, रिंगा, कॅम फिरवणारी चेन सगळेच नवे असते. तेथे संशय प्रथम घ्यावा लागतो तो मापांवर आणि जोडणीवर. बोअर केलेल्या सिलिंडरमधील पिस्टनची मोकळीक, हेडचे फेसिंग (तळ घासून सपाट करणे) केल्यावर कमी झालेली त्याची जाडी, चेन बसवताना जुळवलेल्या खुणा, प्लगांना पाळीपाळीने ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवताना त्याची दिशा, यांपैकी कोठेतरी चूक राहून जाते. म्हणून आवाज ऐकताच इंजिन पुन्हा उघडण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. उघडलेले इंजिन बोलत नाही. ते चालू असतानाच त्याच्याकडून जास्तीत जास्त माहिती काढून घ्यायला हवी.

पहिली माहिती मिळते ती आवाजाच्या लयीतून. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर संथ चालत असेल, तर क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो आणि कॅम सुमारे ६ ते ७ वेळा. एकाच व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचे टोक यांमधली जागा, जास्त असेल, तर त्याचा ‘टक्’ असा आवाज सेकंदाला सहा-सात वेळाच येणार, आणि एवढी लय कानाला सुटी सुटी ऐकू येते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला होणारा ठोका याच्या दुप्पट वेगाने येतो आणि तो स्वतंत्र टकटकीपेक्षा सलग घरघरीसारखा वाटू लागतो. आठही टॅपेट सारख्या फटीने वाजत असतील, तर सेकंदाला पन्नासहून अधिक ठोके होतात आणि इंजिन शिलाई मशीनसारखे एका सुरात चालते. तो आवाज निरोगी असतो आणि तो घालवण्यासाठी फटी कमी करणे घातक ठरते. आवाज मोजायला अवघड वाटल्यास टायमिंग लाइटचा आधार घेता येतो. पहिल्या सिलिंडरच्या वायरवर लावलेला हा दिवा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना, म्हणजे कॅमच्या लयीत, एकदा चमकतो. टकटक दिव्याशी जुळली, तर दोष कॅमच्या बाजूला आहे. प्रत्येक दोन चमकांमध्ये दोन ठोके पडत असतील, तर तो क्रँकच्या बाजूला आहे.

कॅमच्या बाजूला म्हटल्यावर सगळे खापर टॅपेटवर फोडणेही बरोबर नाही. या इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक असून तोही कॅमवरच चालतो, त्यामुळे त्याच्या लिव्हरची टकटक अगदी टॅपेटच्याच लयीत येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट नीट बसले नसेल, तर एका सिलिंडरमधून निसटणारा वायूही त्याच लयीत ‘टिक् टिक्’ करतो. हा आवाज जोर दिल्यावर वाढतो आणि धातू तापून प्रसरण पावला की पुष्कळदा कमी होतो. टॅपेट खरोखर दोषी आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन चालू असताना संशयित रॉकर आणि व्हॉल्व्हचे टोक यांच्या फटीत फट मोजण्याच्या फिलर गेजची पाती सरकवावी. आवाज थांबला, तर दोषी सापडला.

फटींच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. हेड वाढल्याने रॉकर वर उचलले जातात, पुशरॉड तेवढा वाढत नाही, आणि दुसरीकडे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी स्वतः तापून लांब होते. या परस्परविरोधी हालचालींचा हिशेब करूनच निर्मात्याने थंड इंजिनासाठी माप दिलेले असते, त्यामुळे अर्धवट तापलेल्या इंजिनावर टॅपेट सेट करणे म्हणजे कोणतेही माप न पाळणे होय. याहून गंभीर गोष्ट अशी की, व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचत असेल, तर व्हॉल्व्ह वर सरकतो, फट कमी होते आणि इंजिन उलट शांत होत जाते. काही शे किलोमीटरनंतर बांधलेले इंजिन एकाएकी फारच निमूट वाटू लागले, तर मालकाने समाधान न मानता फटी तपासाव्यात, कारण फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि त्याची कड जळते.

क्रँकच्या बाजूचे आवाज तापमान आणि भार यांवरून वेगळे काढता येतात. थंड असताना पोकळ खडखड आणि तापल्यावर ती विरणे, हे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असल्याचे लक्षण आहे, म्हणजे बोअर आणि पिस्टन यांत शतांश मिलिमीटरांचा हिशेब चुकला आहे. अनेक इंजिनांत पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन पिस्टनच्या मध्यापासून किंचित बाजूला ठेवलेली असते. अशा इंजिनात बाणाची खूण उलट्या दिशेला ठेवून पिस्टन बसवला, तरी हाच आवाज येतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर वाढतो, आणि ॲक्सिलरेटर सोडताना अधिक स्पष्ट होतो. मुख्य बेअरिंगचा आवाज खोल, बसका असतो आणि भार घेताना येतो. यांपैकी कोणत्याही आवाजासोबत तेलाचा दाब घसरलेला दिसला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. कोणता सिलिंडर वाजतो आहे हे शोधण्यासाठी एकेका प्लगची ठिणगी बंद करून पाहतात. ज्याचे ज्वलन थांबवल्यावर ठोका बदलतो, त्याचा रॉड किंवा पिस्टन दोषी. ही चाचणी करताना प्लगची वायर लोंबकळत न ठेवता बॉडीला टेकवलेली असावी, अन्यथा कॉइलला धोका पोहोचतो.

टायमिंगचा गोंधळ याहून अधिक वेळ खातो. त्याचे मूळ असे की, एकाच नावाखाली दोन स्वतंत्र गोष्टी मोडतात: व्हॉल्व्ह केव्हा उघडावेत, हे चेन ठरवते आणि ठिणगी केव्हा पडावी, हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला, तरी चेनची चूक सुधारत नाही. कॅमच्या चाकाला ४० दाते आहेत असे धरले, तर चेन एका दाताने चुकल्यास कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांनी चुकतो. असे इंजिन चालू होते, पण त्यात दम नसतो. याची ओळख सिलिंडरमधील दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर पटते. व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असतील, तर चारही सिलिंडरांचा दाब सारखाच कमी भरतो. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या, रिंगांच्या किंवा गॅस्केटच्या गळतीचा असतो. इनटेकची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा व्हॅक्यूम गेजही हेच सांगतो, मात्र त्याचा आकडा स्थळानुसार वाचावा लागतो. उंचीच्या दर हजार फुटांना तो साधारण एक इंचाने उतरतो, त्यामुळे मुंबईत निरोगी ठरणारे इंजिन सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात जवळपास दोन इंच कमी दाखवते, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसतो.

ठिणगीची वेळ तपासण्यापूर्वी पहिला पिस्टन खरोखर माथ्यावर केव्हा येतो, हे निश्चित करावे लागते, आणि येथे डोळा व हात दोन्ही फसवतात. माथ्याजवळ पिस्टन जवळजवळ स्थिर असतो. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात क्रँक माथ्यापासून पाच अंश पुढे किंवा मागे गेला, तरी पिस्टन एक पंचमांश मिलिमीटरही सरकत नाही. म्हणून प्लगच्या भोकातून तार घालून ‘आता सर्वात वर आला’ असे ठरवणाऱ्याची चूक सहज पाच अंशांची होऊ शकते. खात्रीचा मार्ग असा: प्लगच्या जागी पिस्टनला माथ्याच्या थोडे आधीच अडवणारा थांबा बसवावा, क्रँक हाताने सावकाश एका दिशेने थांब्याला टेकेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करावी, मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा बरोबर मध्य हाच खरा माथा. पुली बदललेली असेल किंवा तिच्यावरील मूळ खूण संशयास्पद असेल, तर हे काम टाळू नये.

पिस्टन माथ्यावर दर दोन फेऱ्यांत दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या प्रसंगाशी जुळवून बसवला गेला, तर ठिणगी इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना पडते आणि कार्ब्युरेटरमधून आग उलटी येते. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. रॉकरचे झाकण काढून चौथ्या सिलिंडरकडे पाहावे. त्याचा एक व्हॉल्व्ह बंद होत असेल आणि दुसरा उघडू लागला असेल, तर ठिणगीची पाळी पहिल्याची आहे.

यानंतर पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील संपर्कांची, फट सेट करावी, आणि ठिणगीची वेळ त्याच्याही नंतर. क्रम उलटा चालत नाही, कारण फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. टायमिंग इतके जपण्याचे कारण वेळेच्या मापात आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात सुमारे ५ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांवर १८ अंश. मिश्रण जळायला काही मिलिसेकंद लागतातच, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारी वजने आणि स्प्रिंगा असतात. टायमिंग लाइटमध्ये खूण वेगाबरोबर पुढे सरकत नसेल, तर वजने अडकली आहेत. ती एका जागी न थांबता थरथरत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला आहे किंवा चेन सैल आहे. सैल चेन बहुधा ॲक्सिलरेटर सोडताना झाकणाला घासून खरखर करते.

चढावर पूर्ण जोर दिल्यावर येणारी धातूसारखी खणखण मात्र कोणत्याही सुट्या भागाची नसते. न जळलेले उरलेले मिश्रण दाबाने एकदम पेटते, त्याचा तो आवाज आहे. हेडचे फेसिंग झालेले असल्यास जळण्याची जागा आक्रसते, कॉम्प्रेशन वाढते, आणि जुन्या पुस्तकातील टायमिंग त्या इंजिनाला जास्त होते. अशा वेळी ठिणगी दोन-तीन अंश मागे घेऊन पुन्हा त्याच चढावर पाहावे. गाडी पहिले काही शे किलोमीटर चालल्यावर गॅस्केट दबलेले असते, म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने कसून घ्यावेत. त्याने रॉकर खाली येतात आणि टॅपेटच्या फटी बदलतात, तेव्हा त्या पुन्हा सेट कराव्यात, आणि पॉइंटचा ठोकळा तोवर झिजून बसलेला असल्यामुळे त्यांची फट व टायमिंग याच क्रमाने परत तपासावे.