लान्चा डेल्टा एचएफ इंटेग्राले

इटलीतील लान्चा कंपनीची, रॅली शर्यतींच्या नियमांतून घडलेली चारही चाकांना शक्ती देणारी पाच दारी हॅचबॅक मोटारगाडी. मूळ डेल्टा १९७९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आली. तिची कोनदार बांधणी जॉर्जेत्तो जुजारो यांच्या इटालडिझाइन या संस्थेची असून १९८० साली तिला युरोपातील ‘वर्षाची मोटार’ हा मान मिळाला. ती पुढच्या चाकांवर चालणारी साधी कुटुंबाची गाडी होती. तिच्याच सांगाड्यावर १९८६ ते १९९४ या काळात डेल्टा एचएफ ४डब्ल्यूडी व त्यापुढील इंटेग्राले आवृत्त्या तयार झाल्या. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅली स्पर्धेतील उत्पादकांचे अजिंक्यपद डेल्टाने लान्चाकडे राखले.

उगम : चार चाकी (म्हणजे चारही चाकांना शक्ती देणाऱ्या) डेल्टाची कल्पना नेमकी केव्हा व कशासाठी पुढे आली याबद्दल लेखकांत एकमत नाही. बहुतेक लोकप्रिय लेखनात ती ‘ग्रुप बी’ या, थोड्या संख्येत बनणाऱ्या खास रॅली गाड्यांच्या वर्गावरील बंदीला दिलेले उत्तर मानली जाते. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकातील रॅलीत हेन्री तोइवोनेन व त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा त्या वर्गातील लान्चाच्या डेल्टा एस४ गाडीत मृत्यू झाला. त्यानंतर लगेच त्या वर्गाच्या गाड्या १९८७ पासून बंद करण्याचा निर्णय झाला आणि मालिकेत बनणाऱ्या गाड्यांचा ‘ग्रुप ए’ हाच मुख्य वर्ग ठरला. या वर्गात उतरायचे तर त्या नमुन्याच्या किमान ५,००० गाड्या बारा महिन्यांत बनवाव्या लागत.

हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, पण तारखांशी जुळत नाही. डेल्टा एचएफ ४डब्ल्यूडी एप्रिल १९८६ मध्ये, म्हणजे अपघाताच्या आधीच, तुरिनच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. त्याही आधी १९८२ च्या तुरिन प्रदर्शनात टर्बो (निकासाच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या इंजिनाची एक चार चाकी डेल्टा नमुना म्हणून दिसली होती. त्यामुळे रस्त्यावरची चार चाकी डेल्टा कंपनीच्या आराखड्यात आधीपासूनच होती, बंदीने तिला फक्त रॅलीच्या मैदानात घाईने ढकलले, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डेल्टा एस४ ही गाडी इंटेग्रालेची पूर्वज नव्हे. नाव व ढोबळ आकार सोडले तर मध्यभागी इंजिन असलेल्या, नळ्यांच्या सांगाड्यावरील त्या गाडीचा इंटेग्रालेच्या यंत्रणेशी संबंध नाही.

एचएफ ही अक्षरे व धावत्या हत्तीचे चिन्ह लान्चाच्या जुन्या परंपरेतील आहेत. १९६३ मध्ये चेझरे फिओरिओ यांनी उभारलेल्या शर्यत-पथकाने ती वापरली आणि पुढे कंपनीच्या वेगवान गाड्यांवर ती रूढ झाली.

आवृत्त्या : सर्व आवृत्त्यांत औरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या ट्विन-कॅम (झडपा उघडणारे दोन दांडे असलेल्या) घराण्यातील १,९९५ घ. सेंमी. चे चार सिलिंडर इंजिन आडवे बसवलेले असते (व्यास ८४ मिमी., धाव ९० मिमी.). पहिल्या ४डब्ल्यूडीमध्ये आठ झडपा व गॅरेट टी३ टर्बो असून शक्ती १६५ अश्वशक्ती होती. चाके १४ इंची होती, आणि रॅलीसाठी रुंद टायर व मोठे ब्रेक बसवायला त्यांच्या कमानींत जागाच नव्हती. ग्रुप ए मध्ये मूळ बांधणी बदलता येत नसल्याने रस्त्यावरची गाडीच रुंद करणे भाग पडले. इंटेग्रालेच्या फुगीर कमानींचा जन्म असा झाला. १९८७ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या इंटेग्रालेत (८ झडपी) शक्ती १८५ अश्वशक्ती झाली आणि चाके १५ इंची आली.

१९८९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात १६ झडपी आवृत्ती आली. शक्ती २०० अश्वशक्ती. नव्या सिलिंडर हेडची उंची वाढल्याने बोनेटला मधोमध फुगवटा द्यावा लागला आणि आजही ही गाडी दुरून त्यावरूनच ओळखता येते. १९९१ च्या उत्तरार्धातील ‘एव्होल्युत्सिओने’त (इटलीत लाडाने ‘डेल्टोना’) डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर पुढे ५४ मिमी. व मागे ६० मिमी. वाढले, चाकांना चाराऐवजी पाच बोल्ट आले, पुढचे दोन्ही सस्पेन्शन टॉवर जोडणारा दांडा बसला आणि छताच्या मागील कडेला कोन बदलता येणारा पंख आला. शक्ती २१० अश्वशक्ती. जून १९९३ मधील दुसऱ्या एव्होल्युत्सिओनेत प्रदूषण-नियमांसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लहान टर्बो, १६ इंची चाके व रेकारो आसने आली. शक्ती फक्त २१५ झाली, पण कमाल टॉर्क (फिरवण्याचे बल) ३१४ न्यूटन-मीटर इतका वाढून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, मिनिटाला सुमारे २,५०० वर, मिळू लागला. कंपनीच्या पथकाने ही आवृत्ती शर्यतीत उतरवली नाही. शहर व घाट अशा रोजच्या वापराला तीच सर्वांत सोयीची, तर स्टिअरिंगचा जिवंतपणा १६ झडपी गाडीत अधिक, असे मत जाणकारांत आढळते.

शक्तिवहन : गाडीची खरी ओळख येथे आहे. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेत) येते. तेथून एक वाट पुढच्या साध्या डिफरन्शियलकडे, तर दुसरी लांब दांड्याने मागच्या टॉर्सन डिफरन्शियलकडे जाते. मधल्या डिफरन्शियलच्या दोन वाटांमध्ये सिलिकॉन द्रव भरलेले व्हिस्कस कपलिंग असते.

पुढे व मागे शक्ती किती जाते याबद्दल छापील माहितीत बराच गोंधळ आहे. ४डब्ल्यूडी व ८ झडपी इंटेग्रालेत पुढे ५६ व मागे ४४ टक्के हे प्रमाण होते. १६ झडपी गाडीपासून ते पुढे ४७ व मागे ५३ झाले. हे प्रमाण चक्रांच्या दात्यांच्या संख्येने ठरते व ते स्थिर असते. ‘गाडी स्वतःच प्रमाण बदलते’ हे विधान कपलिंगला लागू होते, डिफरन्शियलला नव्हे. पुढच्या व मागच्या बाजूंच्या फिरण्यात फरक पडला की कपलिंगमधील पातळ चकत्यांदरम्यानचा द्रव त्या फरकाला विरोध करतो आणि वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून सावकाश फिरणाऱ्या बाजूकडे टॉर्क सरकवतो. कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना कपलिंग जवळपास काहीच करत नाही.

मागच्या टॉर्सनचे तत्त्व वेगळे आहे. त्यात द्रव नाही. मळसूत्री दाते ज्या चाकाची पकड जास्त त्याला कमी पकडीच्या चाकाच्या ठरावीक पटीत टॉर्क देतात. म्हणून एक चाक पूर्ण हवेत गेले की पट शून्याची होते आणि टॉर्सन जवळजवळ निरुपयोगी ठरतो. अशा वेळी ब्रेक किंचित दाबून धरल्यास हवेतील चाकाला अवरोध मिळतो व दुसरे चाक ओढू लागते.

रॅली : जानेवारी १९८७ च्या माँटे कार्लो रॅलीत डेल्टा एचएफ ४डब्ल्यूडी प्रथमच उतरली व मिकी बियाझिऑन यांनी ती जिंकली. त्या वर्षी चालकांचे अजिंक्यपद युहा कांकुनेन यांना मिळाले. १९८८ व १९८९ मध्ये बियाझिऑन, तर १९९१ मध्ये पुन्हा कांकुनेन. इंटेग्राले मार्च १९८८ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत आली. त्याच वर्षी बियाझिऑन यांनी केनियातील सफारी रॅली जिंकली. लान्चाला अनेक वर्षे हुलकावणी देणारी हीच ती रॅली. १६ झडपी गाडीने १९८९ च्या सान रेमो रॅलीत पदार्पणातच विजय मिळवला. १९९१ च्या अखेरीस कंपनीने अधिकृतपणे माघार घेतल्यावर १९९२ मध्ये जॉली क्लब या खाजगी पथकाने तिच्याच पाठबळावर गाड्या उतरवल्या. दिदिए ऑरिओल यांनी त्या हंगामात सहा रॅली जिंकल्या, तरी अजिंक्यपद टोयोटाच्या कार्लोस साइन्स यांनी नेले. १९९२ ची सान रेमो रॅली (आंद्रेआ आगिनी) हा डेल्टाचा या स्पर्धेतील अखेरचा विजय होय. ग्रुप ए मधील तिचे एकूण विजय ४६ मानले जातात.

दोष व निगा : शर्यतीसाठी वाढवलेली ताकद मूळच्या हलक्या कौटुंबिक सांगाड्याला झेपवावी लागते, आणि बहुतेक दोष या एका कारणातून येतात. खांब छताला मिळतात त्या कोपऱ्यांत पत्र्याला बारीक चिरा पडतात. छताच्या पन्हळीजवळ रंग केसासारखा फुटलेला दिसला तर वरवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारू नये. रंग खरवडून चीर कुठवर गेली ते पाहावे, तिच्या टोकाला भोक पाडून ती थांबवावी आणि मग वेल्डिंग करावे. समोरच्या काचेच्या चौकटीचा खालचा भाग गंजतो. रबराखाली पाणी साचते व आतल्या कार्पेटखाली उतरते. त्यामुळे गाडी घेताना पायाखालचे कार्पेट उचलून पत्रा हाताने तपासणे अत्यावश्यक आहे.

इंजिन दणकट आहे, पण टायमिंग बेल्टबाबत हयगय चालत नाही. १६ झडपी इंजिनात बेल्ट तुटल्यास झडपा पिस्टनवर आदळतात. याच बाजूला बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारे दांडे) फिरवणारा वेगळा बेल्ट असतो. तो फाटला तर त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये शिरून त्यालाही जागेवरून घसरवतात. म्हणून दोन्ही बेल्ट, ताणणारी बेअरिंगे व पाण्याचा पंप एकत्रच बदलावेत. गाडी फारशी चालली नसली तरी किलोमीटर न पाहता तीन-चार वर्षांनी हे काम करण्याची पद्धत आहे, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होते. टर्बोसाठी साधा नियम : जोरात चालवून आल्यावर इंजिन मिनिट-दोन मिनिटे रिकामे फिरू द्यावे. लगेच बंद केल्यास तापलेल्या बेअरिंगमधील तेल जळून कोळसा होतो. दुसऱ्या गिअरचे सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारे कडे) सर्वांत आधी झिजते. थंड गाडीत तो गिअर अडतो, तेव्हा तेल गरम होईपर्यंत घाई करू नये. गरम झाल्यावरही खरखर राहिली तर गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

व्हिस्कस कपलिंगची चाचणी अशी : हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अटकाव लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचे एकच चाक जॅकने उचलावे आणि लांब पान्याने ते फिरवावे. चांगल्या कपलिंगमध्ये चाक सतत विरोध करत सावकाश फिरते. सहज गरगर फिरल्यास द्रव निकामी झाला आहे, आणि जाम असल्यास कपलिंग कडक झाले आहे. कडक कपलिंग अधिक घातक, कारण वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि सारा ताण गिअरबॉक्सवर येतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे व सारख्या झिजेचे असावेत. पुढे नवे व मागे जुने टायर घातल्यास कपलिंग सरळ रस्त्यावरही अखंड काम करत राहते व तापून मरते. याच कारणासाठी बंद पडलेली गाडी दोन चाके उचलून ओढून नेऊ नये, सपाट ट्रकवर चढवावी.

उत्पादन व अस्सलपणा : कंपनीने सर्व इंटेग्राले डावीकडे स्टिअरिंग असलेल्याच बनवल्या, उजवीकडे स्टिअरिंगच्या गाड्या नंतर रूपांतरित केलेल्या आहेत. अखेरच्या काळातील उत्पादन कीवास्सो येथे माज्जोरा या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडे होते. एकूण संख्या साधारणपणे ४४ हजारांच्या आसपास दिली जाते. मात्र ४डब्ल्यूडी तीत धरली आहे की नाही यावर आकडे बदलतात. मर्यादित आवृत्त्यांपैकी ‘मार्टिनी ५’ (४०० गाड्या), ‘मार्टिनी ६’ (३१०) आणि जपानसाठीची ‘एडिझिओने फिनाले’ (२५०) यांना विशेष मागणी असल्याने साध्या एव्होल्युत्सिओनेला त्यांचे रंग-पट्टे चढवून विकण्याचे प्रकार होतात. क्रमांकाची छोटी पाटी सहज बनवता येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. शासी क्रमांक, इंजिन क्रमांक, बोनेट व दारांखालचा मूळ रंग आणि जपानहून आलेल्या गाडीच्या बाबतीत तेथील नोंदणीची कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहावीत. बाहेर लाल व बोनेटखाली पांढरा रंग निघाला तर ती ‘फिनाले’ नव्हे.